लाहोरी स्थपती घराणे

मोगल सम्राट शाहजहान (कार. १६२८–५८) याच्या काळात उदयास आलेले, वास्तुकला व गणित या दोन्ही क्षेत्रांत पिढीजात नावलौकिक मिळविलेले घराणे. उस्ताद अहमद लाहोरी हा त्याचा मूळपुरुष. अताउल्ला रशीदी, लुत्फुल्ला मुहंदिस व नूरुल्ला हे त्याचे तीन पुत्र आणि इमामुद्दीन रियाझी व खैरुल्ला हे नातू. आग्रा व दिल्ली येथील मोगल वास्तूंशी या घराण्याचे नाव जोडले जाते. महाराष्ट्राच्या दृष्टीने त्याचे महत्त्व दुहेरी आहे : छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) येथील ‘बीबी का मकबरा’ ही वास्तू या घराण्यातील थोरल्या मुलाने उभारली आणि त्याच पुरुषाने तत्पूर्वी भास्कराचार्यांचा बीजगणित हा संस्कृत ग्रंथ फार्सीत आणला होता.

घराणे म्हटले, तरी आजच्या अर्थाने ही वास्तुशिल्पज्ञांची खाजगी संस्था नव्हती. मोगल दरबारात बांधकामाचे एक स्वतंत्र खाते असे. नकाशे काढणे, खर्चाचा अंदाज करणे, दगड, चुना व लाकूड यांची जमवाजमव करणे व कारागिरांवर देखरेख ठेवणे ही कामे त्या खात्यामार्फत चालत. या खात्यातील ‘मिमार’ (प्रत्यक्ष बांधणारा स्थपती) आणि ‘मुहंदिस’ (भूमितिज्ञ, आखणी करणारा) यांचे ज्ञान बापाकडून मुलाकडे जाई. कारण प्रमाणे, कमानींच्या आखण्या आणि गिलाव्याची मिश्रणे यांविषयीचा बराचसा भाग लेखी नसे. याला समांतर अशी उदाहरणे अन्यत्रही आढळतात. एकोणिसाव्या शतकात इस्तंबूलमधील ऑटोमन राजवाडे उभारणारे बाल्यान घराणे हे त्यांपैकी एक. अमेरिकेच्या वाळवंटी नैर्ऋत्य भागात एल पॅसो येथे हेन्री ट्रॉस्ट व त्याच्या बंधूंनी १९०३ मध्ये काढलेली संस्थाही अशीच. नव्याने वाढणाऱ्या त्या शुष्क प्रदेशातील शहराचे रूप एका कुटुंबाच्या कचेरीतून घडले. लाहोरी घराण्याचा विशेष असा, की त्यातील पुरुष इमारती बांधत आणि त्याच हातांनी गणितावर ग्रंथही लिहीत.

उस्ताद अहमद याला शाहजहानने ‘नादिर-उल्-अस्र’ (युगातील अद्वितीय पुरुष) हा किताब दिला होता. भूमिती व ज्योतिष यांत त्याची गती होती आणि यूक्लिड व टॉलेमी यांच्या ग्रंथांचे त्याला ज्ञान होते, असे त्याच्या मुलाने नोंदविले आहे. १६३९ मध्ये पायाभरणी झालेला दिल्लीचा लाल किल्ला उस्ताद अहमद व उस्ताद हमीद या दोघांनी बांधला, असे समकालीन इतिहासकार मुहम्मद सालिह कंबोह याच्या वृत्तान्तावरून कळते. १६४८ मध्ये शाहजहानाबादच्या या किल्ल्यात बादशाहाचा समारंभपूर्वक प्रवेश झाला. त्यानंतर लवकरच, १६४९ मध्ये, उस्ताद अहमद मरण पावला.

ताजमहालाच्या कर्तृत्वाचा प्रश्न मात्र दीर्घकाळ वादाचा ठरला. मुमताज महल १६३१ मध्ये बऱ्हाणपूर येथे निधन पावली व पुढील वर्षी आग्र्यास तिच्या कबरीचे काम सुरू झाले. दरबारी बखरींत मकरामतखान व मीर अब्दुल करीम या देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यांची नावे येतात. रचनाकाराचे नाव येत नाही. बादशहाच्या कीर्तीत कारागिराने वाटेकरी होऊ नये, ही त्या लेखनाची रीत होती. ही रिकामी जागा पुढे निरनिराळ्या लोकांनी आपापल्या सोयीने भरली. ताजचा आराखडा जेरोनिमो व्हेरोनेओ या व्हेनिसच्या जवाहिऱ्याने केला, असे सतराव्या शतकातील मान्रीक या पोर्तुगीज धर्मोपदेशकाने लिहिले. एकोणिसाव्या शतकातील काही फार्सी हस्तलिखितांनी ईसा एफेंदी नावाचा तुर्की स्थपती पुढे केला. एवढी परिपूर्ण वास्तू या देशात राहणाऱ्याला सुचणे शक्य नाही, हा पूर्वग्रह या कथांच्या लोकप्रियतेमागे होता, हे उघड आहे.

या वादाला वेगळे वळण मिळाले ते विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात. लुत्फुल्ला मुहंदिस याच्या फार्सी काव्यसंग्रहाचे, म्हणजे दीवान-इ-मुहंदिस याचे, बंगलोर येथील हस्तलिखित सय्यद सुलैमान नदवी यांनी अभ्यासकांपुढे आणले. त्यातील एका दीर्घ कवितेत लुत्फुल्लाने आपल्या घराण्याची हकीकत सांगितली असून, बादशहाच्या आज्ञेने आपल्या पित्याने मुमताज महलची कबर व दिल्लीचा किल्ला बांधला, असे त्यात म्हटले आहे. पुत्राने पित्याविषयी केलेले विधान म्हणून त्याकडे सावधपणे पाहणे योग्यच. परंतु किल्ल्याविषयीच्या त्याच्या विधानाला स्वतंत्र आधार मिळतो. म्हणून ताजविषयीचे विधानही आज बहुतेक अभ्यासक ग्राह्य मानतात. ताजसारखे प्रचंड काम एकाच माणसाच्या डोक्यातून उतरले असे मात्र नव्हे. बादशहा स्वतः आराखड्यांत लक्ष घालीत असे आणि अनेक स्थपती एकत्र काम करीत. उस्ताद अहमद हा त्यांच्यातील प्रमुख, एवढाच अर्थ त्यातून घ्यावयाचा.

तीन पुत्रांपैकी धाकटा नूरुल्ला हा सुलेखनकलेतही निपुण होता. दिल्लीच्या जामा मशिदीवरील (१६५०–५६) लेखांचे सुलेखन त्याचे मानले जाते. मधला लुत्फुल्ला कवी, गणितज्ञ व स्थपती. बहाउद्दीन अल्-आमिली यांच्या खुलासतुल हिसाब या अंकगणितावरील सुप्रसिद्ध अरबी ग्रंथाचा त्याने फार्सीत संक्षेप केला. मध्य प्रदेशातील मांडू येथे होशंगशाह घोरीच्या संगमरवरी कबरीच्या दारावर १६५९ सालचा एक लेख आहे. त्यात लुत्फुल्ला, ख्वाजा जादूराय, उस्ताद शिवराम व उस्ताद हमीद यांनी या कबरीस आदरपूर्वक भेट दिल्याचा उल्लेख आढळतो. ताजचा आराखडा करण्यापूर्वी शाहजहानने आपले स्थपती मांडूस पाठविले, अशी जी कथा वाटाडे सांगतात तिचा उगम या लेखात आहे. पण लेखाची तारीख पाहता ती टिकत नाही. ताजची मुख्य इमारत तोपर्यंत उभी राहून सुमारे सोळा वर्षे झाली होती आणि शाहजहान स्वतः आग्र्याच्या किल्ल्यात बंदिवान होता. लेखातील नावे मात्र बोलकी आहेत. हिंदू व मुसलमान स्थपती एकाच व्यवसायबंधुत्वाने आपल्या पूर्वसूरींच्या कामापुढे नतमस्तक होतात, असे ते दृश्य आहे.

थोरला पुत्र अताउल्ला रशीदी याने १६३४-३५ मध्ये भास्कराचार्यांच्या (बारावे शतक) बीजगणिताचे फार्सी भाषांतर करून ते शाहजहानला अर्पण केले. अकबराच्या काळात फैजीने लीलावतीचे भाषांतर १५८७ मध्ये केले होते. अताउल्लाचे काम हे त्याच परंपरेचे पुढचे पाऊल होय. भास्कराचार्यांनी आपले गाव सह्याद्रीच्या कुशीतील विज्जडविड असे सांगितले आहे. ते नेमके कोणते याविषयी मतभेद असून काही अभ्यासकांनी त्याचा संबंध मराठवाड्यातील बीडशीही जोडला आहे. चाळीसगावजवळील पाटण येथे त्यांचा नातू चांगदेव याने त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याचा शिलालेख आहे, ही गोष्ट मात्र निर्विवाद आहे. दख्खनमध्ये जन्मलेला हा ग्रंथ फार्सीत नेणारा माणूस पंचवीस वर्षांनी त्याच दख्खनमध्ये, पाटणपासून फारशा दूर नसलेल्या ठिकाणी, एक कबर बांधण्यासाठी यावा, हा योगायोग लक्षणीय आहे.

मराठवाडा हे वाळवंट नव्हे. पण सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत असल्याने तेथे पाण्याचे दुर्भिक्ष पिढ्यान्‌पिढ्यांचे आहे. बीड जिल्ह्यातील पाटोदा तालुक्याचा बालाघाटी माळ हे त्याचे ठळक उदाहरण. मांजरा नदी याच तालुक्यात उगम पावते. परंतु उन्हाळ्यात या पठारावर विहिरींचा तळ दिसतो. काळा बेसाल्ट दगड, त्यावर मातीचा पातळ थर आणि चार महिन्यांत येऊन जाणारा पाऊस, या परिस्थितीत नगर वसवावयाचे तर पहिला प्रश्न पाण्याचा. बीडजवळची सोळाव्या शतकातील खजाना विहीर हे त्याचे जुने उत्तर होय. निजामशाहीतील सलाबतखानाच्या काळात राजा भास्कर नावाच्या स्थपतीने ती बांधली, असे परंपरा सांगते. भूमिगत बोगद्यांतून तिच्यात झरे एकत्र येतात आणि तेथून पाणी उताराने शेतांकडे जाते. मलिक अंबरने १६१० मध्ये वसविलेल्या खडकी या नगरासाठी तयार झालेल्या भूमिगत नहरींचे तत्त्वही तेच. डोंगरपायथ्याचे पाणी जमिनीखालून, केवळ उताराच्या बळावर शहरात आणले गेले. औरंगजेब १६५३ मध्ये दुसऱ्यांदा दख्खनचा सुभेदार झाला, तेव्हा खडकीचे औरंगाबाद झाले. नगराच्या नसा मात्र मलिक अंबरच्याच राहिल्या. कारंजी, पाट आणि चारबाग यांची मोगली कल्पना या कोरड्या पठारावर उतरू शकली ती या पूर्वतयारीमुळे.

औरंगजेबाची पत्नी दिलरसबानू बेगम ही इराणच्या सफावी राजकुळाशी संबंधित शाहनवाजखानाची मुलगी. तिचा मृत्यू ८ ऑक्टोबर १६५७ रोजी औरंगाबाद येथे, अकबर या पुत्राच्या जन्मानंतर महिन्याभरात, झाला. मरणोत्तर तिला ‘राबिआ-उद्-दौरानी’ हे नाव देण्यात आले. मकबऱ्याच्या दक्षिणेकडील मुख्य दरवाजावरील पितळी पत्र्यावर स्थपती अताउल्ला व त्याचा सहकारी हंसपतराय यांची नावे आणि हिजरी १०७१ (इ. स. १६६०-६१) हे वर्ष कोरलेले आहे. मोगल वास्तूंवर रचनाकाराचे नाव क्वचितच सापडते. ताजच्या बाबतीत जे मुलाच्या कवितेतून शोधावे लागले, ते येथे दारावरच लिहिलेले आहे.

या वास्तूविषयीच्या दोन समजुती तपासून पाहण्याजोग्या आहेत. मकबऱ्याचे बांधकाम १६५१ मध्ये सुरू झाले, असे काही पुस्तकांतून व फलकांतून दिले जाते. परंतु बेगम १६५७ मध्ये निवर्तली असल्याने ते संभवत नाही. ही वास्तू तिचा मुलगा आझमशाह याने मातृप्रेमाने बांधली, अशीही आख्यायिका आहे. आझमशाहाचा जन्म १६५३ चा. दरवाजावरील लेखाच्या वेळी तो सात-आठ वर्षांचा होता. तेव्हा मूळ काम औरंगजेबाच्या आज्ञेने झाले आणि पुढे आझमशाहाने दुरुस्ती वा भर घातली असावी, हेच अधिक सयुक्तिक ठरते. १६५८ च्या आरंभी औरंगजेब वारसायुद्धासाठी उत्तरेकडे निघून गेला होता. म्हणजे आश्रयदाता शेकडो किलोमीटर दूर आणि युद्धाने खजिना ताणलेला, अशा स्थितीत हे काम चालले. लुत्फुल्लाचा ओढा दारा शुकोहकडे होता आणि दाराचा १६५९ मध्ये वध झाला. विजयी भावाच्या पत्नीच्या कबरीचे काम त्याच घराण्यातील थोरल्या भावाकडे राहावे, यावरून या कुटुंबाच्या कौशल्याची गरज राजकारणापलीकडे होती, असे दिसते.

खर्चाचा आकडा गुलाम मुस्तफा याच्या तारीखनाम्यात ६,६८,२०३ रुपये ७ आणे असा दिला आहे. ताजच्या तुलनेत तो अगदीच लहान. संगमरवर दख्खनमध्ये मिळत नाही. तो मरुभूमीच्या कडेवरील मकराणा भागातून आणावा लागे. सुरतेहून गोवळकोंड्याकडे जाणाऱ्या ताव्हेर्न्ये या फ्रेंच प्रवाशाला वाटेत संगमरवराने लादलेले तीनशे गाडे दिसले आणि त्यांतील लहानात लहान गाड्याला बारा बैल जोडलेले होते, असे त्याने नमूद केले आहे. संगमरवर किती वापरावयाचा हा निर्णय म्हणजे बैल, चारा आणि दिवस यांचाच हिशेब होता.

अताउल्लाने हा हिशेब ज्या प्रकारे सोडविला, त्यात त्याचे खरे कौशल्य दिसते. दृष्टी प्रथम जेथे पडते आणि हात जेथे पोहोचतो, अशा दोनच ठिकाणी, म्हणजे घुमटावर आणि भिंतींच्या खालच्या पट्ट्यात, त्याने संगमरवर वापरला. मधला सर्व भाग स्थानिक बेसाल्टमध्ये बांधून त्यावर चुन्याचा घोटीव गिलावा चढविला. या गिलाव्याची कला बहमनी व निजामशाही काळापासून दख्खनमध्ये रुजलेली होती. चुनखडी भट्टीत भाजून, भिजवून महिनोन्‌महिने मुरत ठेवावयाची. बैलांच्या घाण्यात ती वाळू व विटकराच्या चुऱ्यासह मळावयाची. गुळाचे पाणी, बेलफळाचा रस, उडदाचे पीठ असे चिकट पदार्थ मिसळावयाचे आणि शेवटचा बारीक थर शंखजिऱ्याच्या पुडीने गुळगुळीत दगडांनी घोटून चकाकी आणावयाची, अशी ही पद्धत. ओल्या चुन्यात उठावाने काढलेली वेलबुट्टी, कमानींवरील कमळे व कोनाड्यांच्या कडा हे मकबऱ्यातील काम इतके नाजूक आहे, की ताजमधील रत्नजडित पच्चीकारीची उणीव ते आपल्या परीने भरून काढते. दगड पारखणारे उत्तरेचे, गिलावा घोटणारे दख्खनी, असा हा मेळ आहे.

‘दख्खनचा ताज’ हे नाव मकबऱ्याला चिकटले आणि त्याबरोबर निकृष्ट नक्कल हा शेराही. वास्तूचे मनोरे मुख्य इमारतीच्या मानाने भारी व जवळ वाटतात, दर्शनी भाग अरुंद झाल्याने उंची अवास्तव भासते, ही टीका खोटी नाही. दक्षिण दरवाजातून प्रथमदर्शनी ताजशी तुलना होणे अटळच आहे. परंतु आराखडा नीट पाहिल्यास हे दोन प्रकल्प एकमेकांहून बरेच भिन्न आहेत. ताजमध्ये कबर बागेच्या टोकाला, नदीकाठच्या जोत्यावर आहे. मकबरा सुमारे ४५८ मी. लांब व २७५ मी. रुंद अशा आवाराच्या मध्यभागी उभा असून, या बाबतीत तो दिल्लीच्या हुमायून कबरीच्या जुन्या परंपरेशी नाते सांगतो. आवाराच्या उत्तर, पूर्व व पश्चिम भिंतींच्या मध्यावर खांबांचे मंडप आहेत. जोत्याच्या चार कोपऱ्यांवरील मनोरे अष्टकोनी आहेत. सर्वांत वेगळी आहे ती आतील योजना. ताजमध्ये वरच्या दालनात प्रतीकात्मक कबरी असून खऱ्या कबरी तळघरात बंद आहेत. मकबऱ्यात वर प्रतीकात्मक कबर नाहीच. दालनाच्या जमिनीला मोठी अष्टकोनी मोकळीक ठेवलेली असून प्रेक्षक कठड्याशी उभा राहून खाली, अष्टकोनी संगमरवरी जाळीने वेढलेली बेगमची खरी कबर पाहतो. जाळीच्या खिडक्यांतून येणारा प्रकाश वरून खाली उतरत जातो. पित्याने वापरलेला नमुना गिरवीत असताना मुलाने केलेला हा बदल मूलगामी आहे. त्याला नक्कल म्हणता येणार नाही. मुख्य इमारतीच्या पश्चिमेस असलेली मशीद नंतरची असून ती हैदराबादच्या निजामाच्या काळातील असावी. तिच्यामुळे त्या बाजूचा प्रवेश बंद झाला आणि मूळ समतोल काहीसा ढळला.

यानंतर एवढ्या विस्ताराची कबर मोगलांनी दख्खनमध्ये बांधली नाही. स्वतः औरंगजेबाची १७०७ मधील खुलदाबादची कबर उघड्या आकाशाखालची, अत्यंत साधी आहे. लाहोरी घराण्याची पुढची पिढीही इमारतींकडून आकाशाकडे वळलेली दिसते. लुत्फुल्लाचा मुलगा इमामुद्दीन रियाझी याने ज्योतिषशास्त्रावर टीकाग्रंथ लिहिला. दुसरा मुलगा खैरुल्ला मुहंदिस हा सवाई जयसिंगाच्या दिल्ली येथील वेधशाळेच्या कामाशी निगडित होता आणि जयसिंगाच्या जीज-इ-मुहम्मदशाही या खगोलीय सारणींवर त्याने भाष्य लिहिले. मरुभूमीच्या कडेवर १७२७ मध्ये वसविलेल्या जयपूरची आखणी विद्याधर भट्टाचार्य याची; परंतु तेथील व दिल्लीतील दगडी यंत्रांमागे जे गणित होते, ते जिवंत ठेवणाऱ्यांत ताजच्या स्थपतीचा नातू होता. या यंत्रांत भिंत, पायरी व कमान यांचे काम छाया मोजण्याचे आहे. त्यांत स्थापत्य आणि ज्योतिष वेगळे काढता येत नाहीत.

मकबरा भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाच्या संरक्षणाखाली आहे. बेसाल्टवरील गिलावा पावसाने ओलावतो, काळवंडतो आणि ठिकठिकाणी सुटतो. सिमेंटने केलेली दुरुस्ती ओलावा आत कोंडून ठेवीत असल्याने अशा भिंतींना अपायकारक ठरते. त्यासाठी चुना मुरविण्याची व घोटण्याची जुनी रीत जाणणारे गवंडी लागतात आणि ते दुर्मिळ होत चालले आहेत. स्थपतीचे नाव पितळेवर टिकले. त्याच्या गिलाव्याची पद्धत मात्र ज्यांच्या हातांत होती, त्यांच्यापैकी एकाचेही नाव त्या दरवाजावर नाही.